बोथट हत्यार आणि मुके जनावर

राजस्थानातील पुष्कर, बिहारातील सोनपूर किंवा खानदेशातील सारंगखेडा, कोठल्याही यात्रेत जनावरांचा सौदा सुरू झाला म्हणजे एक दृश्य हमखास दिसते. घेणारा पुढे होतो, एका हाताने जनावराचा जबडा धरतो, दुसऱ्या हाताने ओठ दूर सारतो आणि क्षणभर तोंडात पाहतो. बैल अजून आदत आहे, दोनदाती आहे, चारदाती आहे की जुळला आहे, हे त्या एका क्षणात ठरते. त्यावरून वय ठरते आणि वयावरून किंमत. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, अशी म्हण आपल्याकडे पडली ती यामुळेच. विकत घेतलेल्या गाईचे दात मोजणे हा तर घेणाऱ्याचा हक्कच मानला गेला आहे.

शतकानुशतके मनुष्य जनावराच्या तोंडात डोकावत आला तो असा, मोल करण्यासाठी. त्या तोंडात काही दुखत आहे काय, हे पाहण्यासाठी तो फार उशिरा वाकला. घोड्याच्या वाट्याला हे भाग्य आधी आले, कारण राज्ये आणि सैन्ये घोड्याच्या पाठीवर उभी होती. आपल्या देशात अश्ववैद्यकाची परंपरा शालिहोत्राच्या नावाने चालत आली आणि त्या नावावरून उत्तरेत घोड्यांच्या वैद्याला सलोतरी म्हणू लागले. अमेरिकेत शिकागो येथे मेरिलॅट यांनी जनावरांच्या दातांवर आणि मुखरोगांवर संपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध केला तो 1906 साली. मुंबईस परळ येथे पशुवैद्यक महाविद्यालय 1886 पासून आहे. परंतु कुत्र्यामांजरांच्या दातांची स्वतंत्र शास्त्र म्हणून जोपासना झाली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. अमेरिकेतील पशुदंतवैद्यांचे महाविद्यालय स्थापन झाले ते 1988 साली. शास्त्र असे वाढले, औषधे आली, भूल आली, क्ष-किरण आले. या सर्वांच्या पाठीमागे एक अगदी साधी गोष्ट मात्र दुर्लक्षित राहण्याचा संभव असतो. ती गोष्ट म्हणजे वैद्याच्या हातातील हत्याराची धार.

मौज अशी की, पुष्कळ जनावरांचे दात स्वतःची धार स्वतःच राखतात. उंदराच्या पुढच्या दाताला समोरच्या बाजूने दंतवल्काचे, म्हणजे एनॅमलचे कठीण कवच असते. मागची बाजू मऊ असते. कुरतडताना मागची बाजू लवकर झिजते, पुढची मागे राहते, आणि सुताराच्या पटाशीसारखी तिरपी धार आपोआप तयार होते. घोड्याच्या दाढेची रचना याहून गुंतागुंतीची. तिच्यात दंतवल्काच्या घड्या मऊ थरांमध्ये गुंफलेल्या असतात. मऊ थर खोलगट होतात, कठीण घड्या उंच राहतात, आणि दाढेचा माथा नव्याने टाकी लावलेल्या जात्यासारखा सदैव खडबडीत राहतो. ही दाढ झिजते म्हणूनच ती वर सरकत असते. दर वर्षी सुमारे 2 ते 3 मिलिमीटर. तरुण घोड्याच्या जबड्यात दाढेची फार मोठी लांबी राखीव ठेवलेली असते आणि ती आयुष्यभर पुरवून पुरवून वापरावयाची असते.

माळरानावरचा घोडा दिवसाचे सोळा सोळा तास चरतो आणि खालचा जबडा आडवा फिरवून गवत दळतो. तबेल्यातील घोड्याला दाणा मिळतो. तो थोड्या वेळात आणि जबडा फारसा आडवा न फिरवता खाऊन होतो. घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो. त्यामुळे वरच्या दाढांची गालाकडील कड आणि खालच्या दाढांची जिभेकडील कड पुरेशी घासली जात नाही आणि तेथे दंतवल्काची टोके वाढतात. ही टोके सुरीसारखी धारदार असतात. त्यांनी गाल सोलवटतो, जीभ कापते. घोडा अर्धवट चावलेल्या गवताचे बोळे तोंडातून टाकून देतो, लगाम ओढताच मान वाकडी करतो, खाऊनही वाळत जातो. मालकाला वाटते, जनावर हट्टी आहे; आणि ज्या वेदनेने ते मान झटकते त्याच वेदनेबद्दल त्याला चाबूक मिळतो.

ही टोके घासून काढण्यासाठी पशुवैद्य लांब दांड्याची कानस वापरतो. जुन्या काळी तिचे पाते साध्या पोलादाचे असे. आता बहुधा टंगस्टन कार्बाइडचे पाते असते, आणि विजेवर फिरणारी यंत्रेही प्रचारात आली आहेत. तोंड उघडे ठेवण्यासाठी दोन्ही जबड्यांत धातूची चौकट बसवितात, बहुधा गुंगीचे औषध देतात आणि मग आत कानस चालवितात. येथे धारेचे महत्त्व प्रथम कळते. पाते धारदार असले तर हलक्या हाताच्या थोड्या फेऱ्यांत टोक निघून जाते. पाते बोथट असले तर तेच काम करावयास हात जोर लावू लागतो. जोर लावला की कानस उसळते. उसळलेली कानस हिरडीवर किंवा गालावर जाते. घोड्याचा धीर सुटतो, गुंगी उतरू लागते, आणि पुढच्या वेळी तो माणूस दुरून दिसला तरी घोडा मागे सरतो. हत्याराच्या बोथटपणाची आठवण जनावर अशी जपून ठेवते.

कार्बाइडचे पाते कठीण असते, पण कठीण वस्तू बहुधा ठिसूळ असते. ते फरशीवर पडले, दुसऱ्या पात्यावर आपटले किंवा तोंडातील धातूच्या चौकटीला घासले, तर त्याच्या दात्यांचे कपचे उडतात. साध्या दगडावर त्याला धार लावता येत नाही. त्यासाठी हिऱ्याची कणी असलेले चाक लागते, आणि ते काम तज्ज्ञ कारागिराकडेच द्यावे लागते. काही पात्यांवर कार्बाइडची कणी नुसती चिकटविलेली असते. ती झिजली की पाते बदलणे हाच उपाय. म्हणून जाणता पशुवैद्य प्रत्येक पाते वेगळ्या कप्प्यात ठेवतो आणि काम चालू असता वारंवार बादलीतील जंतुनाशक पाण्यात बुडवून ब्रशाने साफ करतो. दाताचा भुगा पात्याच्या खाचांत साचला की नवे पातेसुद्धा जुन्यासारखे घसरू लागते. चौकटीचीही तीच काळजी. तिच्या अटकावाचे दाते झिजलेले असतील तर ऐन वेळी ते निसटतात आणि घोड्याचा जबडा वैद्याच्या हातावर मिटतो. प्रत्येक वापरापूर्वी ते दाते आणि सांधे डोळ्यांखालून घालणे, तेलाचा थेंब देणे, कातडी पट्टे तपासणे, हे अवघे दोन मिनिटांचे काम आहे.

धार म्हणजे मात्र अधिकाधिक कापणे असा अर्थ कोणी घेऊ नये. घोड्याची दाढ आरशासारखी गुळगुळीत करणे हे जात्याचे टवके बुजविण्यासारखे आहे. तशा दाढेने गवत दळले जात नाही. यंत्राची कानस एकाच दाढेवर फार वेळ धरली तर उष्णता आत शिरते, आणि दातातील जिवंत गाभ्याला ती सोसत नाही. 1965 साली झाक आणि कोहेन या संशोधकांनी माकडांच्या दातांवर प्रयोग करून दाखविले की, गाभ्याचे तापमान साडेपाच अंश सेल्सिअसने वाढले तरी काही दातांतील गाभा पुन्हा सावरत नाही. बोथट पाते अधिक घासावे लागते आणि अधिक तापते. म्हणून धारदार पाते, पाण्याचा गारवा आणि आवरता हात या तिन्ही गोष्टी बरोबर असाव्या लागतात.

आता शहरातील दवाखान्याकडे वळावे. तेथील रुग्ण बहुधा कुत्रा किंवा मांजर. कुत्र्याला 42 दात, मांजराला 30. दातांवर कीटण चढते, हिरडी सुजते, दाताची पकड सैल होते आणि शेवटी काही दात काढावे लागतात. या कामात दोन प्रकारच्या हत्यारांवर सारा भार असतो. एक कीटण खरवडण्याचे, टोकाशी वाकलेले बारीक हत्यार. दुसरे एलेव्हेटर, म्हणजे दात मोकळा करण्याचे, पन्हळीसारखे खोलगट पात्याचे.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला असतो अशी सामान्य समजूत आहे. वस्तुतः दात आणि हाड यांच्यामध्ये मिलिमीटरच्या काही दशांशाएवढी अरुंद फट असते आणि असंख्य बारीक तंतू त्या फटीत दाताला धरून ठेवतात. एलेव्हेटरचे पाते या फटीत शिरवावयाचे, ते तंतू कापावयाचे, मग पाते किंचित फिरवून काही क्षण स्थिर धरावयाचे आणि तंतू थकून सुटेपर्यंत वाट पाहावयाची. पाते तीक्ष्ण असले तर ते फट शोधते. बोथट असले तर फटीबाहेरच अडते. मग मनगटाचा जोर वाढतो, आणि येथून पुढे जे घडू शकते ते गंभीर आहे. दाताचे मूळ मध्येच मोडून हाडात राहते. लहान जातीच्या वृद्ध कुत्र्याचा खालचा जबडा रोगाने आधीच पातळ झालेला असतो. त्या जोराने तो मोडतो. वरच्या मागील दाढांची मुळे तर डोळ्याच्या खोबणीखालीच असतात. निसटलेले पाते नेत्रगोलात शिरल्याची उदाहरणे पशुवैद्यक ग्रंथांत नोंदलेली आहेत. म्हणूनच हत्यार धरताना तर्जनी पात्याच्या टोकाजवळ टेकवून ठेवावी असे विद्यार्थ्यांना शिकवितात. निसटले तरी पाते बोटाच्या पुढे जाऊ नये, हा त्यातील हेतू. परंतु निसटूच नये याचा उपाय बोटात नसून दगडावर आहे.

मनुष्यरुग्ण खुर्चीत बसलेला असतो. हत्यार अडखळले तर तो हात वर करतो, कण्हतो, वैद्याला थांबवितो. जनावर भुलीखाली असते. त्याच्या बाजूने बोलणारे कोणी नसते. काम लांबले तर भूल लांबते, आणि भुलीचे प्रत्येक मिनिट वृद्ध किंवा दुबळ्या जनावराला जड जाते. शुद्धीवर आल्यावर त्याला जे दुखते ते घरच्या माणसांना, दात काढला म्हणून दुखते आहे, एवढेच वाटते. त्या दुखण्यातील किती वाटा रोगाचा आणि किती बोथट पात्याचा, याचा हिशेब मागावयास कोणीच येत नाही. तो हिशेब हत्यार वापरणाऱ्याने स्वतःशीच ठेवावयाचा असतो.

धार जाते कशी, हेही पाहण्यासारखे आहे. धार म्हणजे दोन पृष्ठे जेथे मिळतात ती रेषा. तिला लांबी असते, रुंदी जवळजवळ नसते. दातावर खरवडण्याची प्रत्येक ओढ त्या रेषेचे थोडे कण नेते आणि रेषेची अरुंद पट्टी होते. दिव्याखाली हत्यार फिरवून पाहिले तर ही पट्टी चकाकते. तीक्ष्ण धारेवरून प्रकाश परततच नाही, ती काळी दिसते. चकाकणारी धार बोथट आणि न चकाकणारी तीक्ष्ण, ही उलटी वाटणारी गोष्ट नवशिक्याने प्रथम ध्यानात घ्यावी. दुसरी परीक्षा प्लॅस्टिकच्या कठीण कांडीची. हत्यार कांडीवर टेकवून ओढले असता ते रुतले तर धार आहे. घसरले तर नाही. नखावर परीक्षा करण्याची सवय मात्र सोडलेली बरी, कारण त्यात जखमेचा आणि संसर्गाचा धोका आहे.

धार लावण्याचा दगड हा स्वतंत्र विषय होईल. अमेरिकेतील आर्कान्सा प्रांतातील डोंगरांत मिळणारा अतिसूक्ष्म कणांचा दगड या कामासाठी जगभर नावाजला आहे. त्यावर तेलाचा थेंब घालून धार लावतात. चिनी मातीसारख्या भाजलेल्या द्रव्याचे दगडही मिळतात. ते पाण्याने किंवा कोरडे वापरतात. अधिक झिजलेल्या हत्याराला प्रथम ॲल्युमिनियम ऑक्साइडचा भरड दगड लागतो. त्या द्रव्याचे निसर्गातील रूप म्हणजे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेला कुरुंद. इंग्रजीतील कोरंडम हा शब्दही भारतीय भाषांतूनच तिकडे गेला. दंतवल्काची कठीणता मोजपट्टीवर सुमारे 5, कुरुंदाची 9 आणि हिऱ्याची 10. या तीन आकड्यांत धार लावण्याचे पुष्कळसे शास्त्र सामावले आहे.

पद्धत सांगावयाची तर ती डोळ्यांपुढे आणण्यास घड्याळाची तबकडी पुरेशी आहे. कीटण खरवडण्याचे हत्यार डाव्या मुठीत घट्ट धरून कोपर टेबलावर टेकवावे आणि पात्याचा सपाट माथा जमिनीशी समांतर ठेवावा. उजव्या हातातील दगड प्रथम बाराच्या आकड्याकडे उभा धरावा, म्हणजे माथा आणि दगड यांत काटकोन होतो. मग दगडाचे वरचे टोक, बारा वाजून तीन-चार मिनिटांनी मिनिटकाटा जेथे असतो, तेथवर बाहेर झुकवावे. आता तो कोन 100 ते 110 अंशांचा झाला आणि पात्याचा स्वतःचा कोन 70 ते 80 अंशांचा राहिला. दगड याहून अधिक झुकविला तर धार नाजूक होते आणि लवकर मुडपते. कमी झुकविला तर पाते जाडच राहते. कोन तसाच राखून, टाचेपासून टोकापर्यंत, दगडाच्या आखूड खालीवर फेऱ्या द्याव्यात आणि प्रत्येक वेळी शेवट खालच्या फेरीने करावा. वरच्या फेरीने शेवट केला तर धारेवर धातूचा केसासारखा पदर उभा राहतो. तो दातावर प्रथम रुततो, पण लगेच मोडून धार पूर्वीपेक्षा वाईट करतो.

एलेव्हेटरची रीत थोडी वेगळी. त्याच्या पात्याला कारखान्यात दिलेला उतार ओळखून तोच उतार दगडावर टेकवावा, पाते अर्धवर्तुळात फिरवीत न्यावे आणि शेवटी पन्हळीच्या आतून गोल दगडाची कांडी हलकेच फिरवून पदर काढून टाकावा. प्रत्येक वापरानंतर अशी थोडी धार लावली तर धातू अगदी थोडा जातो. महिनोन्‌महिने वाट पाहून एकदम भरड चाकावर धरले तर हत्याराचे आयुष्यच घासले जाते. शिवाय वेगाने फिरणाऱ्या कोरड्या चाकावर पोलाद तापते, त्याच्यावर निळसर छटा येते आणि त्याला दिलेले पाणी उतरते. मग कितीही धार लावली तरी ती टिकत नाही. महाराष्ट्रात तलवारींना झिलई आणि धार देणाऱ्या शिकलगारांना हे मर्म पिढीजात ठाऊक होते. पोलाद दगडाला भेटवावे, पण तापू देऊ नये, हे त्यांच्या धंद्याचे व्रतच होते.

धार लावण्याइतकेच महत्त्व धुण्यापुसण्याला आहे. ही हत्यारे न गंजणाऱ्या पोलादाची म्हणून ओळखली जातात. पण मिठाच्या पाण्यात, रक्तात किंवा क्लोरीनयुक्त द्रवात पडून राहिली तर त्यांनाही बारीक खड्डे पडतात आणि त्या खड्ड्यांची सुरुवात अनेकदा धारेपासूनच होते. म्हणून काम संपताच रक्त वाळू न देता ती धुवावी, सांधे उघडे ठेवून ब्रशाने घासावी, स्वच्छ पाण्याने खळबळून लगेच कोरडी करावी. दूषित हत्याराला धार लावू नये. आधी ते निर्जंतुक करावे, मग दगडावर न्यावे. त्यानंतर तेल आणि धातूचा कीस पुसून, धुऊन पुन्हा वाफेच्या भांड्यात 121 अंश सेल्सिअसवर निदान 15 मिनिटे ठेवावे. दगडही निर्जंतुक केलेला असावा. हत्यारे एकमेकांवर ढीग करून न ठेवता खणाखणांच्या तबकात ठेवावी. आणि ज्याचे पाते झिजून मूळच्या निम्म्याइतके बारीक झाले असेल ते बिनदिक्कत बाजूला काढावे, कारण त्याचे टोक हिरडीखाली मोडून राहिले तर ते शोधणे फार कठीण जाते.

एवढ्या सगळ्याला खर्च किती? एक दगड, तेलाची लहान बाटली, एक भिंग, प्लॅस्टिकची कांडी आणि दिवस संपताना दहा-पंधरा मिनिटे. लहान गावातील दवाखान्यालाही हे परवडते. जेथे नवे यंत्र कधी पोचणार नाही, अशा खेड्यातील पशुवैद्याच्या पिशवीतही दगड मावतो. ज्याच्या पोटात दाणा जावा म्हणून घराचे पोट अवलंबून आहे, असा टांग्याचा घोडा, विटभट्टीवरचे खेचर, डोंगरवाटेने यात्रेकरूंना वाहून नेणारे तट्टू यांच्या तोंडात जाणारी कानस तरी धारदार असावी, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

संध्याकाळी दवाखान्याची वर्दळ ओसरते. एखादा मदतनीस दिव्याखाली बसून भिंगातून एकेक पाते निरखीत असतो. दगडावरून पाते सरकल्याचा बारीक, एकसारखा आवाज येतो. शेजारच्या पिंजऱ्यात भुलीतून जागे होत असलेले कुत्रे मान उचलून त्या आवाजाकडे पाहते आणि पुन्हा डोळे मिटते. त्या आवाजाचा आपल्याशी काय संबंध, हे त्याला ठाऊक नसते. उद्या सकाळी ते भाकरीचा मऊ केलेला तुकडा निमूटपणे खाईल, आणि घरची माणसे म्हणतील की याला फारसा त्रास झाला नाही.